जिवंत भावावरचं रडणं

इंग्रजीत ‘कीन’ म्हणून एक क्रियापद आहे. त्याच रूपाचं विशेषण आमच्या कॉलेजातल्या मुलांना तोंडपाठ असतं. नोकरीच्या अर्जात ती ‘शिकायला उत्सुक’ या अर्थानं ते ठोकून देतात आणि नोकरी लागली की शिकणं थांबवतात. क्रियापद मात्र कुणाच्या वाटेला जात नाही. जळगावात इंग्रजी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, तरी वर्गात ते उच्चारायची वेळ माझ्यावर आली नव्हती. अर्थ असा की मेलेल्या माणसापाशी बायकांनी मोठ्यानं, सुरात, शब्द जोडत रडायचं. आयर्लंडच्या जुन्या भाषेत ‘रडणे’ असं एक साधं क्रियापद होतं, त्यातून ते इंग्रजीत आलं. तिकडे अशा रडणाऱ्या बायका असत. त्या मेलेल्याला हाक मारत, त्याचं कूळ सांगत, गुण सांगत आणि मध्येच त्याच्याशी भांडतही. पाद्री लोकांना हे आवडत नसे. हळूहळू ते बंद पडलं आणि क्रियापद तेवढं पुस्तकांत उरलं.

पुस्तकांत उरल्यावर त्याचं जे झालं ते माझ्या डोक्यात जातं. लेखकांनी ते वाऱ्याला देऊन टाकलं. धुराड्यातून वारा ‘कीन’ करतो, साखळीला बांधलेलं कुत्रं करतं, समुद्रावरचे पक्षी करतात, चुलीवरची किटलीसुद्धा करते. ज्या बायका खरोखर रडायच्या त्यांना गप्प बसवलं आणि त्यांचं रडणं किटलीच्या पदरात टाकलं. स्टाफरूममध्ये मी हे तावातावानं बोलत होते तेव्हा भूगोलाचे सर म्हणाले, ‘मॅडम, चहा गार होतोय.’

ते क्रियापद माझ्या टेबलावर आलं एका अनुवादामुळे. पुण्याच्या एका प्रकाशकानं इंग्रजी कथांचं पुस्तक मराठी करायला दिलं होतं. त्यातल्या एका कथेत मयताच्या घरी आलेली बाई दारातच ‘कीन’ करू लागते. शब्दकोशात बघितलं तर आक्रोश, विलाप, शोक. आक्रोश आजकाल मोर्च्यांना लागतो. विलाप कीर्तनातल्या राण्या करतात. हंबरडा एकदाच फुटतो आणि संपतो, आणि ही बाई तर पानभर रडत होती, आणि नीट रडत होती. उन्हाळ्याची सुट्टी होती. माडीवरच्या खोलीत कूलर लावून मी त्या एका शब्दाशी झटापट करत बसले होते आणि दाराबाहेर गच्चीवर माझे वडील पापडांची राखण करत होते.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. सारी नोकरी त्यांनी डाळमिलमध्ये काढली होती. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आई, नाना आणि मी. नानांचं डोकं अगदी गुळगुळीत होतं आणि टोपीचा त्यांना तिटकारा. समोरच्या कडुलिंबावर कावळ्याचं घरटं होतं. त्यात पिल्लं झाली होती हे मला खिडकीतून दिसत होतं. पापडांवरून काठी फिरवता फिरवता नाना कठड्याशी गेले आणि कावळा सरळ त्यांच्या डोक्यावर येऊन बसला, चोच मारून उडाला. जेवायला बसल्यावर त्यांनी हे हसत हसत सांगितलं. ‘त्याला वाटलं, हा एक मोठा पापड वाळत घातलाय.’

आईच्या तव्यावरची पोळी करपली. तिनं ती उलथलीच नाही.

आमच्याकडे समजूत अशी की कावळा डोक्यावर बसला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं. त्यावर उपायही आहे. तो माणूस मेल्याची खोटी बातमी त्याच्या रक्ताच्या माणसाला पोचवायची. ते माणूस रडलं की मरणाला वाटतं, इथलं काम उरकलेलं दिसतं, आणि ते पुढच्या घराकडे वळतं. पूर्वी यासाठी पत्र टाकत आणि मागाहून खरं सांगणारं दुसरं पत्र. आता फोन झाले. पलीकडून रडणं ऐकू आलं की लगेच खरं सांगून टाकायचं, मग दोन्हीकडे हसायचं, साखर वाटायची. मी आईला घरट्याचं सांगितलं, पिल्लांचं सांगितलं, मे महिन्यात कावळे जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनाच चोच मारतात हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाली, ‘घरटं त्याचं असंल. डोकं तर आपलं शे ना.’

रक्ताचं माणूस म्हणजे नानांची धाकटी बहीण. आत्याला आम्ही खान्देशात फुई म्हणतो. फुई धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात राहायची. फुईचं रडणं त्या पंचक्रोशीत माहीत होतं. कुणाच्याही दारावर ती गेली की गल्लीच्या तोंडापासून तिचा आवाज लागायचा आणि मयताच्या घरातल्या बायका त्या आवाजाची वाट बघत थांबलेल्या असायच्या. दारावर जाणं म्हणजे आमच्याकडे मेलेल्याच्या घरी भेटायला जाणं. पुरुष बाहेर सतरंजीवर बसतात, बायका आत. आता जळगावच्या कॉलनीत दारावर बसण्याच्याही वेळा छापून येतात आणि लोक मोबाइल सायलेंटवर टाकून दहा मिनिटं मान खाली घालून जातात.

पण फुई आणि नाना यांच्यात बोलणं नव्हतं. एका लग्नात फुईच्या मालकाचा, म्हणजे नवऱ्याचा, मानपानावरून अपमान झाला, की त्यांना तसं वाटलं. ‘या घराची पायरी चढणार नाही’ असं ते म्हणाले. नाना म्हणाले, ‘दार उघडंच आहे, ज्याला यायचं त्यानं यावं.’ असं म्हणणारा माणूस स्वतः कुठं जात नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरच्या लेकी माहेरी येतात आणि भावानं त्यांना आणायला जायचं असतं. नाना त्या वर्षी गेले नाहीत. मग पुढच्याही वर्षी गेले नाहीत, आणि मग ते न जाणं घरात भिंतीसारखं उभं राहिलं. फुईचे मालक वारले तेव्हा नाना दारावर गेले, पुरुषांत बसले आणि आत न डोकावता परत आले. ‘बाई दिसल्या का?’ असं आईनं विचारलं. फुईला घरात दोघंही बाईच म्हणत. नानांनी बूट काढून ठेवले आणि गार पाणी मागितलं.

आता आई म्हणाली, बातमी बाईंनाच द्यायची, दुसऱ्या कुणाच्या रडण्याचा उपयोग नाही. मी साफ नकार दिला. नानांनी ‘काय पोरखेळ लावलाय’ म्हणून पेपर तोंडापुढे धरला, पण नको असं म्हणाले नाहीत. ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं अमळनेरला तिच्या भावाला, माझ्या मामाला, फोन केला आणि काम त्याच्यावर सोपवलं. मामा हौशी माणूस. त्यानं आवाज जड करून फुईला सांगितलं, ‘तुमचे भाऊ गेले.’ आणि रडणं सुरू होण्याची वाट बघत थांबला, कारण त्यानंतरच खरं सांगायचं होतं. पलीकडून काहीच आलं नाही. मामा ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला. फोन कट झाला होता. पुन्हा लावला तर वाजतच राहिला.

चूक मामाची नव्हती, आणि फुईची तर नव्हतीच. फुईसारखी बाई फोनवर रडत नाही. रडायची जागा दार. तिनं फोन घरात टाकला, घराला कडी घातली, मिळेल त्या गाडीनं दोंडाईचा गाठलं आणि जळगावची रेल्वे धरली. मुलगा सुरतला कामाला, शेजारचे शेतात. तिला अडवून खरं सांगणारं कुणी नव्हतं. इकडे आम्हाला वाटलं, तिनं मनावर घेतलं नाही. आई हिरमुसली. ‘भावाचं मरण ऐकूनही त्यांना रडू नाही आलं,’ असं ती नानांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. नाना जेवण अर्धंच करून उठले.

ऊन उतरायला लागलं होतं. मी माडीवर होते. कॉलनीच्या तोंडाशी जिथं रिक्षा थांबतात, तिथून एक आवाज उठला. पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी गाणं म्हणतंय. मग लक्षात आलं की तो सूर मी लहानपणी ऐकलेला आहे, आजोबा गेले तेव्हा. खरं सांगते, मला काही क्षण नाना कुठं आहेत ते आठवेना.

‘ओ मना भाऊ रे, कसा निंघी गया रे भाऊ, बहीनले सांगं नही रे भाऊ.’

मी जिना उतरून खाली आले. नाना बैठकीत चहाचा कप हातात धरून बसले होते. गल्लीत लोक गॅलऱ्यांवर आले होते. डोक्यावरून पदर ओढलेली, छातीशी पिशवी धरलेली एक वाकलेली बाई रस्त्याच्या मधोमध चालत येत होती. आई पुढे धावली ती तिला थांबवायला, खरं सांगायला. पण रडत येणाऱ्या बाईला दारातल्या बाईनं गळ्यात घ्यायचं आणि तिच्या सुरात सूर मिळवायचा, हे आईच्या हाडात भिनलेलं. फुईनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि आईला रडू फुटलं. खोटं नाही, खरंच रडू फुटलं. आपला नवरा आत चहा पीत बसलाय हे ठाऊक असलेली माझी आई नणंदेच्या गळ्यात पडून त्याच नवऱ्यासाठी हेल काढून रडली. नंतर म्हणाली, ‘माले थांबताच उनं नही.’ आणि वहिनी रडतेय म्हटल्यावर फुईला जी काही शंका उरली असेल तीही गेली.

मग फुईनं रडता रडता सगळं सांगितलं. आपली आई गेली तसं तिच्याबरोबर माहेर गेलं, तुझं दार राहिलं होतं, तेही आज लागलं. ‘दर आखाजीले वाट देखी रे भाऊ. पिशवी भरी ठेयेल व्हती रे भाऊ. गाडी उनी, गाडी गयी, तू उना नही रे भाऊ.’ मालक गेले त्याचंही आलं. ‘मना मालक गया तव्हय तू उना रे भाऊ, माणसेसमा बसना न् उठी गया रे भाऊ. मना तोंड नही देखं रे भाऊ.’ एकेक ओळ म्हणून ती श्वास घ्यायची आणि त्या श्वासात गल्ली अशी गप्प व्हायची की कुणाच्या तरी घरातला मिक्सर बंद केल्याचंही ऐकू आलं. मी उंबरठ्यावर उभी होते. माझ्या मागे नाना केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांच्या हातात अजून कप होता.

‘रुसना व्हता तं माले मारी टाकता रे भाऊ. असं जित्तं कसाले ठेयं रे भाऊ.’

‘बाई,’ नाना म्हणाले.

फुईनं पदर वर केला. ती नानांकडे बघत राहिली. घाबरली नाही, ओरडली नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. ‘हाऊ कोन शे?’ तिनं आईला विचारलं. नाना म्हणाले, ‘मी शे, बाई. मीच शे.’ आई हुंदके देत देत कावळ्याचं सांगू लागली. तिचं ते सांगणं ऐकवत नव्हतं. गॅलरीतून कुणीतरी हसलं, मग त्याला कुणीतरी गप्प केलं.

फुई पायरीवर बसली नाही. अंगणातल्या नळावर गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, तोंड धुतलं, ओल्या लुगड्यानं तशीच पिशवी उचलली. आई आतून साखरेचा डबा घेऊन आली. फुईनं डब्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. नाना म्हणाले, ‘जेवी जाय, बाई.’ ती म्हणाली, ‘दारवर येल माणूस जेवस का, भाऊ?’ आणि निघाली. मयताच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. तीही म्हणाली नाही. मी रिक्षापर्यंत तिच्यामागे गेले, ‘फुई, थांब ना’ म्हणत राहिले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, ‘तू चांगली शे, माय’ म्हणाली आणि रिक्षात बसली.

आईच्या मते काम फत्ते झालं होतं. कुणी नसतं रडलं इतकं रडणं झालं होतं. नानांना काही होत नाही आता, असं ती शेजारणींना सांगायची. आणि खरंच काही झालं नाही. बीपी ठीक, साखर ठीक. पण त्या दिवसापासून आमच्या घरात कुणीतरी वारलेलं होतं. नाना बैठकीतल्या त्यांच्या खुर्चीवर बसेनात. त्याच वेळेला, ऊन उतरायला लागलं की, दार उघडून उभे राहायचे. कुणाची वाट बघताय विचारलं तर ‘हवा येते’ म्हणायचे. आरशासमोर दाढी करताना मध्येच थांबायचे. एकदा मला म्हणाले, ‘सगळं सांगून झालं गं तिचं. आता मी गेल्यावर ती काय म्हणणार?’ मी चिडले आणि म्हणाले, ‘नाना, अभद्र बोलू नका.’ मला तेवढंच बोलता येत होतं.

माझंही बरं चाललं नव्हतं. दुपारी माडीवर बसलं की कूलरच्या जाळीतून वारा शिरायचा आणि तो सूर लागायचा. मी उठून कूलर बंद करायची, तरी कानात राहायचा. ज्या लेखकांनी ते क्रियापद वाऱ्याला दिलं त्यांच्यावर मी एवढी भडकले होते, पण आता मला वाटू लागलं की त्यांच्याही गल्लीत एकदा कुणीतरी येऊन गेलं असेल. तरीही त्यांना मी पूर्ण माफ केलेलं नाही. वाऱ्याला कुणाला काही सांगायचं नसतं. फुईला सांगायचं होतं. शेवटी मी अनुवादात त्या बाईसाठी ‘सांगून सांगून रडू लागली’ असं लिहिलं, आमच्या बायका म्हणतात तसं, आणि त्याच कथेतल्या वाऱ्यासाठी नुसतं ‘घोंगावत होता’ लिहिलं. प्रकाशकाकडच्या माणसानं फोन करून विचारलं, मूळ शब्द दोन्हीकडे एकच आहे ना? मी म्हटलं, हो, पण रडणारे दोन आहेत.

हे नानांच्या कानावर पडलं होतं. हिवाळ्यात एकदा शेगडीजवळ बसले असताना त्यांनी मला त्या बायकांबद्दल विचारलं. मी सांगितलं की त्या देशातही मेलेल्याचे गुण सांगत आणि त्यानं काय चुकवलं तेही सांगत.

‘त्याच्या तोंडावर?’

‘हो. त्याच्या उशाशी बसून.’

‘मेलेल्याला ऐकू येत नाही ते एक बरं,’ नाना म्हणाले. मग बराच वेळ शेगडीतला कोळसा चिमट्यानं हलवत राहिले. ‘माले आयकू उनं.’ माझ्याशी ते कधी अहिराणीत बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

आखाजी जवळ आली तेव्हा ते म्हणाले, मी बाईला आणायला जातो. आई म्हणाली, फोन करून विचारा तरी. ‘फोननं आमचं काही भलं झालं नाही,’ एवढंच म्हणाले. खरं तर लेकीला सणाच्या आधी आणतात. पण फुईला घरी मालकांची घागर भरायची असणार. आखाजीला आमच्याकडे मेलेल्यांच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या ठेवतात आणि उंबरठ्यावर एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढतात. तेवढं सकाळी तिचं उरकेल आणि दुपारच्या गाडीनं तिला घेऊन येऊ, असा त्यांचा हिशेब. आमच्या घरची घागर आईनं तांबडं फुटताच भरली आणि आम्ही दोघं निघालो. नानांनी पांढरा सदरा घातला होता. गाडीत त्यांनी अमळनेर गेल्यापासून खिडकीबाहेर बघणं सोडलं आणि दाराकडे बघू लागले, जणू उतरायची घाई आहे. दोंडाईच्याच्या पुढे काळीपिवळीत गर्दी होती. ऊन कानशिलं तापवत होतं आणि पाण्याची बाटली मी गाडीतच विसरले होते.

फुईचं दार उघडं होतं. आमची सावली पडल्यावर ती बाहेर आली. मला जवळ घेतलं. नानांना म्हणाली, ‘ये, भाऊ.’ आवाजात राग नव्हता. नानांनी पिशवीतलं लुगडं काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि देवापुढे ठेवलं. नाना खाटेवर बसले. फुई आतून पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आली, मला पाणी दिलं, मी प्यायले, आणि ती तांब्या घेऊन आत गेली. मला वाटलं, नानांसाठी भरून आणेल. ती चुलीशी बसून पुरण बघू लागली. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, शत्रू असला तरी द्यायचं, आणि फुई विसरणारी बाई नव्हती. नानांनी ओठांवरून जीभ फिरवली, पण मागितलं नाही.

मग त्यांची नजर उंबरठ्यावर गेली. कुंकवाची बोटं वाळत आली होती. नाना त्यांच्याकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत होते ते मला दिसलं, सासरे, सासू, मोठे दीर, मालक. त्याच्या पलीकडे आणखी एक बोट होतं. भिंतीशी मालकांची घागर होती आणि तिच्या बाजूला एक लहान घागर, वर आंब्याचं पान आणि एक सांजोरी.

‘बाई,’ नाना म्हणाले, ‘हाई घागर कोनी शे?’

फुईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. पाठ वळवलेलीच होती. ‘तुमना घर तं तो जित्ता शे,’ ती म्हणाली. ‘मंग त्यानी घागर कोन भरी?’

तिचं डोकं फिरलेलं नव्हतं. तिच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. तिनं भावावर सगळं गाव ऐकेल असं रडून घेतलं होतं, अंगावर पाणी घेतलं होतं, न सांगता निघून आली होती. तिच्याकडून तो गेलेला होता आणि गेलेल्याला पाणी द्यायला ती चुकली नव्हती. जिवंत असताना जो आला नाही त्याच्यासाठी ती दुसरं काय भरून ठेवणार होती? मला नानांचा हात धरून तिथून उठावंसं वाटलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

नाना उठले. वाकायला त्यांना त्रास व्हायचा. एक हात भिंतीला लावून ते खाली बसले, सांजोरी आणि पान काढून जमिनीवर ठेवलं आणि ती लहान घागर दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. मी ‘नाना, नको’ म्हणाले, कारण आई नाही तर मी, कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. पितरांचं पाणी जिवंत माणूस पीत नाही. ते पीत राहिले. पाणी सदऱ्यावर सांडत होतं, हनुवटीवरून गळ्यात जात होतं, आणि ते मध्ये श्वासही घेत नव्हते. घागर रिकामी झाल्यावर त्यांनी ती मांडीवर धरली आणि धापा टाकत बसून राहिले.

फुई वळून उभी राहिली होती. तिच्या हातात कालथा होता. ती त्यांच्या ओल्या सदऱ्याकडे बघत होती, मग त्यांच्या तोंडाकडे.

‘इतली तहान लागेल व्हती, भाऊ?’

‘बहू दिनपाईन लागेल व्हती, बाई.’

ती आत गेली. तांब्या घासल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. मग ती भरलेला तांब्या घेऊन बाहेर आली, नानांच्या हातातली घागर काढून घेतली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांचं पोट भरलेलं होतं, तरी तेही पाणी ते प्यायले, आणि ते पिऊन होईपर्यंत फुई तिथंच उभी राहिली.